परत यायला किती वाजतील?

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठे चाललास’ असं विचारत नाहीत. विचारलं की काम फिसकटतं. अमरावतीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण अंबानगरी मेट्रोच्या फाटकांना भाडं ठरवायला शिकवणाऱ्या बाहेरगावच्या तज्ज्ञांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फाटकाच्या तोंडी वाक्य घातलं, ‘आपण कुठे जात आहात?’ पहिल्याच आठवड्यात राजापेठ स्थानकावर मुलीसाठी स्थळ बघायला निघालेल्या एका गृहस्थाने हातातली पिशवी, आतल्या नारळासकट, फाटकावर हाणली आणि तो घरी परत गेला. फाटक दुरुस्त करायला सतरा हजार लागले. स्थळाचं काय झालं ते कळलं नाही.

बाकीचे लोक नारळ वगैरे फोडत नव्हते, नुसतेच मुकाट उभे राहत आणि जिन्याने खाली उतरत. तशीही मेट्रोत माणसं होतीच कुठे? बडनेऱ्यापासून नांदगाव पेठेपर्यंतची ही मार्गिका बांधताना रोज एक लाख माणसं बसतील असा अहवाल होता. चार वर्षांनी बसत होती सहा हजार. तीन डब्यांची वातानुकूलित गाडी दर बारा मिनिटांनी आमच्या डोक्यावरून खिडक्या लखलखवत रिकामी जायची आणि खाली पानठेल्यावरचे लोक वर बघून म्हणायचे, "चालला आपला पैसा हवा खायले." ते खोटं नव्हतं. एका माणसाला राजापेठेहून बडनेऱ्याला नेण्यात सरकारी तिजोरीतले दोनशे साठ रुपये जात होते.

मी चित्रा गावंडे. वीस वर्षं रेडिओवर निवेदन केलं. नवरा गेला त्याच्या चौथ्या दिवशी मी सकाळच्या भक्तिगीतांचं निवेदन केलं आणि एकाही श्रोत्याला काही कळलं नाही. त्याबद्दल केंद्रावर माझं कौतुक झालं होतं, आणि मलाही तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. पुढे रेडिओची नोकरी गेली आणि मी मेट्रोत ‘प्रवासी संवाद अधिकारी’ झाले. रिकाम्या गाडीत प्रवाशांशी संवाद साधण्याचा पगार बरा होता. फाटकाचं नारळप्रकरण झाल्यावर व्यवस्थापक धर्माळे साहेबांनी मला बोलावून सांगितलं की या यंत्राला आपल्या लोकांशी बोलायला शिकवा.

यंत्राची कल्पना साधी होती. माणसाला एखाद्या ठिकाणी पोचणं भाग असतं तेव्हा ते त्याच्या शरीराला माहीत असतं. स्वरतंतू ताणले जातात, आवाजात अगदी बारीक कंप येतो, प्रश्न आणि उत्तर यांच्यातली फट कमी-जास्त होते, पावलं जड आणि घाईची पडतात. आपल्या कानाला हे कळत नाही. फाटकातल्या तीन मायक्रोफोनांना आणि फरशीखालच्या दाबपट्ट्यांना कळतं. त्यात या घटकेला रिक्षा किती घेईल, या रस्त्याने बस जाते का, हेच कार्ड आधी कोणत्या वारी किती वाजता आलं होतं, एवढं मिसळलं की शून्य ते शंभरातला एक आकडा निघतो. त्याला गरजांक म्हणत. ज्याचा गरजांक जास्त त्याला भाडं कमी, अशी योजना होती. म्हातारा माणूस दवाखान्यात निघाला असेल तर पाच रुपये, आणि गाडी घरी ठेवून मजेखातर आलेला असेल तर चाळीस. मला ती मनापासून आवडली. सरकारच्या हातून एखादी गोष्ट चुकून चांगली होते, तसंच हे झालंय असं मला वाटलं.

अडचण एवढीच होती, की आकडा काढायला माणसाने दोन शब्द तरी बोलायला हवेत, आणि आमची माणसं फाटकाशी बोलेनात.

मला आठवली बेबीमावशी. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली, तेव्हापासून मावशीनेच मला वाढवलं. ती नगरपालिकेच्या शाळेत शिपाई होती, तिला स्वतःचं मूल नव्हतं. मी शाळेला, कॉलेजला, पुढे रेडिओवर निघाले की ती दारात उभी राहायची आणि कुठे म्हणून कधी विचारायची नाही. विचारायची, "यायले किती वाजतीन?" मग मी सगळंच सांगायची. मैत्रिणीकडे अभ्यास आहे, सात वाजतील. मुलाखत आहे, भीती वाटते, पाच तरी होतील. कुठे आणि कशाला, हे तिला न विचारता कळायचं. ऐकून झालं की ती म्हणायची, "सांभाळून येजो."

मी तेच दिलं. फाटकाच्या तोंडी वाक्य घातलं, ‘परत यायला किती वाजतील?’ आणि उत्तर मिळालं की, ‘सांभाळून या.’ धर्माळे साहेबांना ते इतकं पसंत पडलं की आवाजही माझाच घ्यायचं ठरलं. मावशीचं वाक्य, माझा आवाज, आणि अमरावती बोलायला लागली. बाया फाटकाशी उभं राहून सांगायच्या, डायलिसिस आहे चार तासांचं, तीन वाजतील माय. बापे सांगायचे, कोर्टात तारीख आहे, साहेब आले तर दोन, नाही आले तर सांज. फाटक ऐकून घ्यायचं आणि पाच रुपये कापायचं.

डायलिसिसचं सांगणारी पहिली बाई मावशीच होती. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला साईनगराहून कॅम्पातल्या सेंटरवर जावं लागे. आधी ती बावीस नंबरच्या बसने जायची, पण मेट्रोला माणसं मिळावीत म्हणून मेट्रोच्या खालून जाणाऱ्या सगळ्या बस बंद केल्या होत्या. तिला त्याचं दुःख नव्हतं. ती म्हणायची, "बसवाला तोंड वाकडं करे. हे तं मावशी म्हणत नाई एवढंच, बाकी तूच उभी रायते तठी." ती फाटकाशी इतकं बोलायची की मागचे लोक खोळंबायचे. काल रात्री झोप नाही आली, पाय दुखले, चित्राच्या पोरीचा पुण्याहून फोन आला होता. फाटकावरचे सुरक्षारक्षक गुल्हाने मला हसत हसत हे सांगायचे.

सहा महिन्यांनी, एका सोमवारी, गुल्हाने हसले नाहीत. फोनवर म्हणाले की तुमच्या मावशी आज फाटकापासून परत गेल्या. भाडं एकशे नव्वद आलं.

मला वाटलं यंत्र बिघडलं. तशीच धर्माळे साहेबांकडे गेले. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. त्यांच्या खिडकीतून नांदगाव पेठेचं स्थानक दिसायचं. गाडी लागली होती आणि तिच्यात तीन माणसं होती. साहेबांनी बोटाने ती मला मोजून दाखवली.

त्यांचं म्हणणं त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि मला सगळ्यात राग त्याचाच आला की ते समजत होतं. सरकारने निर्वाणीचं पत्र पाठवलं होतं. मार्चपर्यंत प्रवासी दुप्पट करा आणि चालवण्याच्या खर्चाचा तिसरा हिस्सा भाड्यातून काढा, नाहीतर गाड्या दुसऱ्या शहराला देऊ. प्रवासी दुप्पट करायचे तर घरी गाडी असलेले लोक यायला हवेत, आणि ते फुकट असल्याशिवाय येत नाहीत. मग भाडं कोणाकडून घ्यायचं?

"ज्याला यावंच लागतं तो दर वाढला तरी येतो, चित्राताई. ज्याला यावं लागत नाही त्याला बोलवावं लागतं," साहेब म्हणाले. "यंत्रात आम्ही काहीच नवीन घातलं नाही. गरजांक जिथे वजा होता तिथे अधिक केला."

"आपण लोकांना सांगितलं होतं, गरज सांगा, सवलत मिळेल."

"सवलतीचं परिपत्रक सहा महिन्यांचंच होतं. तुम्हीच वाचलंत ना स्थानकावर?"

वाचलं होतं. शेवटची ओळ मी भरभर वाचली होती, कारण ती तशी वाचायची असते.

मावशीला रिक्षाने जायला दोनशे वीस लागले असते. यंत्राला ते माहीत होतं, म्हणून त्याने एकशे नव्वद मागितले. तिला परवडणार नाही पण ती देईल, अशा बेताचा आकडा त्याने काढला होता. तो काढण्यासाठी लागलेली प्रत्येक गोष्ट मावशीने स्वतःच्या तोंडाने माझ्या आवाजाला सांगितली होती.

मी म्हटलं की माझा आवाज काढून घ्या. साहेब म्हणाले की आवाज करारानं दहा वर्षं मेट्रो मंडळाचा आहे, तुम्ही नोकरी सोडलीत तरी तो विचारतच राहील. राहिलात तर निदान रुग्णांना सूट द्यायची फाइल तुम्हाला पुढे ढकलता येईल. मी राहिले. फाइलसाठी राहिले असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मुलीच्या हॉस्टेलची फी दर सहामाही भरायची होती, आणि पन्नाशीला आलेल्या आवाजाला कोणी नोकरी देत नाही. फाइल मुंबईला गेली. तिथून एक प्रश्न विचारून परत आली, उत्तर घेऊन पुन्हा गेली.

शहर फाइलीसाठी थांबलं नाही. महिन्याभरात लोकांना मख्खी कळली. फाटकाने विचारलं, परत यायला किती वाजतील, की म्हणायचं, ‘सहज निघालो, काही ठरलं नाही.’ कोर्टाची तारीख असलेला सहज निघाला होता, बापाच्या मातीला निघालेला सहज निघाला होता. गुल्हाने म्हाताऱ्यांना बाजूला घेऊन शिकवायचे की जिना चढून लगेच जाऊ नका, पाच मिनिटं बसा, श्वास सोडून मग बोला, पाय रेंगाळत टाका. ज्यांना चांगलं खोटं बोलता येत होतं त्यांचं भाडं शून्यावर आलं. कॅम्पातली गाडीवाली मंडळी तर खरोखरच सहज यायला लागली. कॉफी प्यायला बडनेऱ्याला जायचं आणि गार हवेत परत यायचं. डबे भरले. वर्तमानपत्रांत फोटो आले, साहेबांचा सत्कार झाला, सूत्रसंचालन मी केलं. पानठेल्यावरचे लोक आता वर बघून काही म्हणत नव्हते, कारण तेही वर गाडीतच बसलेले असायचे.

मावशीला खोटं जमत नव्हतं. तोंड म्हणायचं, सहज चालली, आणि छाती धापा टाकायची. यंत्र तोंडावर नाही, छातीवर विश्वास ठेवायचं. शिवाय ते वार लक्षात ठेवायचं. दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी दहाच्या सुमारास येणारा माणूस सहज कसा असेल? त्यावरही स्थानकावर तोड निघाली होती. एखादी खेप चुकवायची, वार मोडायचा, की यंत्राचा हिशोब ढिला पडतो आणि पुढच्या वेळी भाडं उतरतं. कॉलेजला जाणाऱ्या पोरांसाठी ती तोड ठीक होती. सेंटरवरच्या रुग्णांनीही ती उचलली, हे मला माहीत नव्हतं. किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

मी मावशीच्या कार्डावर दोन हजार रुपये टाकले आणि रविवारी तिच्याकडे गेले. ती ओट्याशी स्टुलावर बसून माझ्यासाठी पातोडीचा रस्सा करत होती. स्वतःला चालत नाही म्हणून तिने त्याची चवही घेतली नव्हती, आणि मीठ कमी पडलं होतं. पैशाचं सांगितलं तर हसली.

"तुह्या पैशानं तुह्याच आवाजाले भाडं देऊ? अन् ते जाईन कुठी, तुह्याच पगारात. राहू दे वं."

मी म्हटलं, मग रिक्षाने जात जा, मी रिक्षावाला लावून देते. ती म्हणाली की तू कोणाकोणाला लावशील, आमच्या पाळीत नऊ बाया आहेत. मग रस्सा ढवळत, गंमत सांगावी तशी म्हणाली, "तुले सांगू काय चित्रे, तुह्या आवाजाशी खरं बोलाची मले आता भीतीच वाटते. तू फोन केला तरी पह्यले वाटते, आता किती लागतीन."

आम्ही दोघी हसलो. मला लागलं होतं, पण मी हसले.

तिचे पाय सुजलेले दिसत होते. चपलेचा पट्टा वर रुतला होता. मी विचारलं, डायलिसिसला नियमित जातेस ना?

"जाते की. पाय ना, सहज सुजले."

तो शब्द मी ऐकला. फाटकाला माणसाची गरज ऐकायला शिकवणारी मी, तो शब्द ऐकला आणि वाटीत वरून मीठ घातलं. निघताना ती दारापर्यंत आली. तिने काही विचारलं नाही. किती वाजतील, हे वाक्य तिने माझ्याशी बोलणं सोडलं होतं, हेही माझ्या लक्षात नंतर आलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी मी कार्यालयातल्या ध्वनिमुद्रण खोलीत होते. गर्दी वाढल्यामुळे नव्या सूचना हव्या होत्या, ‘कृपया दारापासून दूर राहा’ वगैरे. गेल्या चार वर्षांत त्या लागल्याच नव्हत्या. दहा वाजून सव्वीस मिनिटांनी मावशीचा फोन आला.

"काही काम होतं का ग?" मी विचारलं.

"नाई वं. सहज केला."

"मी रेकॉर्डिंगमध्ये आहे. संध्याकाळी बोलू?"

"हो, हो. काही घाई नाई." गाडी गेल्याचा आवाज आला. "जेवली काय?"

मी म्हटलं, अजून कुठे, दहा तर वाजलेत. तिने फोन ठेवला आणि मी पुढची सूचना वाचली. एका दमात वाचली, दुसऱ्यांदा घ्यावी लागली नाही.

साडेअकराला गुल्हानेंचा फोन आला. पुढचं मी त्यांच्याकडून आणि फाटकाच्या नोंदीतून जुळवलं आहे. मावशी बुधवारी सेंटरवर गेली नव्हती. आदल्या आठवड्याच्या शुक्रवारीही नव्हती. आज वार मोडलेला आहे, यंत्र विसरलं असेल, अशा हिशोबाने ती साईनगर स्थानकावर आली. दहा बावीसला फाटकाने विचारलं, परत यायला किती वाजतील. ती म्हणाली, ‘सहज निघाली.’ तिच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं, तेवढे दोन शब्द तिने तीन श्वासांत म्हटले. फाटकाने गरजांक लावला सत्त्याण्णव, भाडं दोनशे दहा. गुल्हाने म्हणाले, मी बाजूचं दार उघडतो, चला. ती म्हणाली, तुमची नोकरी जाईन. थोडा दम येऊ द्या, मग पुन्हा सहज म्हणून पाहते. आणि बाकावर बसली. त्या बाकावरून तिने मला फोन केला.

फोन ठेवल्यावर ती पुन्हा उठली नाही. गुल्हानेंना वाटलं डोळा लागला. रुग्णवाहिका आली तेव्हा उशीर झाला होता. तिच्या कनवटीला मेट्रोचं कार्ड होतं आणि त्यावर माझे दोन हजार जसेच्या तसे होते.

फोन ठेवून मी उठले. कर्मचाऱ्यांचा पास टेबलावरच राहिला, त्यामुळे स्थानकात शिरताना मी सगळ्यांच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे कॉलेजच्या दोन मुली होत्या, त्यांच्यापुढे हातात औषधांची मोठी पिशवी घेतलेला एक माणूस. तिघांनीही सांगितलं की सहज निघालो आहोत. पिशवीवाल्याला एकशे चाळीस आले. त्याने ते भरले.

मग माझी पाळी आली. मी फरशीवर पाय ठेवला. घाई नव्हती, पावलं सावकाशच पडली.

"परत यायला किती वाजतील?" माझ्या आवाजाने मला विचारलं.

मावशी गेली, तिचं शरीर ताब्यात घ्यायला निघाले आहे, असं सांगायचं मी जिना चढतानाच ठरवलं होतं. फाटक काय मागेल ते फेकायचं आणि मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं. तोंड उघडलं आणि वीस वर्षांची सवय बाहेर आली.

"सहज निघाले," मी म्हटलं. "काही ठरलं नाही."

सूर कुठे हलला नाही. मावशीला जे मरेपर्यंत जमलं नाही ते मला पहिल्याच खेपेला जमलं. पडद्यावर भाडं आलं शून्य. यंत्र फसलं, असं मला क्षणभर वाटलं, आणि मग कळलं की फसलेलं नाही. मला आता कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं.

"सांभाळून या," ते म्हणालं, आणि फाटक उघडलं.